बीटा जरूर पाहा, पण रोजच्या कामापासून लांब

एकाच कॉम्प्युटरवर दुसरा कॉम्प्युटर चालवता येतो, हे आता पुष्कळांना माहीत झालं आहे. विंडोजवर एका चौकटीत लिनक्स उघडतं. मॅकवर विंडोज चालतं. नव्या लॅपटॉपवर जुनं एक्सपी सुरू होतं. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, पॅरलल्स अशी सॉफ्टवेअर मिळतात. आत चालणाऱ्या त्या कॉम्प्युटरला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बोलताना सगळे व्हीएमच म्हणतात.

याची गरज खरीखुरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून अनेकांना विंडोज ११ किंवा लिनक्स आधी वापरून बघायचं आहे आणि मग ठरवायचं आहे. डीटीपी करणाऱ्या काही दुकानांत अजून पेजमेकर लागतं. त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यात जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या पत्रिका आणि अंक साठवलेले आहेत. ते उघडायला जुनं विंडोज हाताशी असलं तर बरं पडतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना तर अभ्यासासाठीच व्हीएम लागते.

अशात कुणीतरी अशा सॉफ्टवेअरच्या बीटाची, म्हणजे चाचणीसाठी काढलेल्या आवृत्तीची, लिंक पाठवतो. नवी बीटा आवृत्ती आली आहे, आत विंडोज ११ झकास चालतं, स्क्रीन अडकत नाही. तुमचे हात शिवशिवतात.

पाहायला काहीच हरकत नाही. नवं पाहण्याची हौस चांगलीच आहे. फक्त बसवण्याआधी पुढचं सगळं एकदा शांतपणे वाचा. वाचायला दहा मिनिटं लागतील. एखादी महत्त्वाची फाइल गेली तर ती दहा वर्षांनीही परत येत नाही.

धोका कुठे असतो

व्हीएम म्हणजे सुरक्षित, असा आपला समज असतो. आत काही बिघडलं तर ती व्हीएम पुसायची आणि दुसरी बनवायची. सॉफ्टवेअर पक्कं असेल तेव्हा हा समज बराचसा बरोबर आहे.

बीटामध्ये मात्र त्या सॉफ्टवेअरचीच चाचणी चालू असते. आणि ते बसलेलं असतं तुमच्या बाहेरच्या, खऱ्या कॉम्प्युटरवर.

हे सॉफ्टवेअर साध्या गाण्याच्या किंवा फोटोच्या ॲपसारखं वरवर राहत नाही. ते स्वतःचं नेटवर्क कार्ड बसवतं. यूएसबीला लावलेल्या वस्तू ताब्यात घेतं. प्रोसेसरशी थेट बोलण्यासाठी विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतं. तिथे त्याचं काही चुकलं तर आतली चौकट बंद होऊन भागत नाही. कधी सगळं विंडोजच कोसळतं आणि कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो. तुम्ही बाहेर एक्सेलमध्ये टाइप करत असलेला, सेव्ह न केलेला हिशोब त्याच्याबरोबर जातो.

नव्या घराचा स्लॅब पडला की आपण तो बघायला जातो, पण खालचे टेकू काढेपर्यंत सामान हलवत नाही. बीटाशी एवढंच नातं ठेवा.

बनवणारेही हेच सांगतात. व्हर्च्युअलबॉक्सची बीटा जाहीर होते तेव्हा सोबत स्पष्ट सूचना असते, की ही आवृत्ती कामाच्या मशीनवर वापरू नका. आपण ती ओळ वाचतच नाही. सरळ डाउनलोडचं बटण शोधतो.

आधी ठरवा, तुम्हाला बीटा हवीच आहे का

बहुतेकांना नको असते. त्यांना व्हीएम हवी असते, आणि त्यासाठी पक्की आवृत्ती पुरते.

ती फुकट मिळते. व्हर्च्युअलबॉक्सचा मुख्य भाग सर्वांना मोफत आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे पूर्वी विकत घ्यावं लागायचं. मे २०२४ मध्ये ते घरगुती वापरासाठी मोफत झालं आणि नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही मोफत झालं. पैसे वाचवण्यासाठी बीटा घ्यायची गरज आता उरलेली नाही.

दुकानात किंवा ऑफिसात वापरणार असाल तर एक सांभाळा. व्हर्च्युअलबॉक्सचं एक्स्टेन्शन पॅक नावाचं वेगळं पुडकं असतं. ते घरगुती वापराला आणि शिक्षणाला मोफत आहे. धंद्यासाठी त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. मुख्य सॉफ्टवेअर फुकट म्हणून हेही फुकट, असं समजू नका.

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट तुम्हाला लागू असेल तर बीटाच्या वाटेला जाऊ नका.

घरात एकच कॉम्प्युटर आहे आणि मुलांचा अभ्यास, तुमचं काम, बँक, सगळं त्यावरच चालतं.

कॉम्प्युटर कंपनीचा आहे. कंपनीच्या लॅपटॉपवर न विचारता असं काही बसवलं तर नोकरीवर गदा येऊ शकते.

कामाची घाई आहे. मार्चअखेर, रिटर्न भरण्याचे दिवस, परीक्षेचा महिना, छपाईच्या दुकानात लग्नसराई. या दिवसांत चालू कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. हा नियम बीटापुरताच नाही, सगळ्या नव्या सॉफ्टवेअरला पाळा.

आता बीटा कधी घ्यावी? घरात एखादा जुना, मोकळा कॉम्प्युटर पडून असेल तर. किंवा पक्क्या आवृत्तीत तुमची एखादी नेमकी अडचण असेल आणि ती बीटामध्ये सोडवली आहे असं बनवणाऱ्यांनीच लिहिलं असेल तर. किंवा तुम्हाला चुका शोधून कळवायची आवड असेल तर. यातलं एक जरी कारण असेल तर पुढे वाचा.

बसवण्याआधीची कामं

ही कामं क्रमाने करा. एकही गाळू नका.

पहिलं काम, आतला कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. व्हीएमची चौकट बंद करताना सॉफ्टवेअर विचारतं, आहे त्या स्थितीत साठवू का? घाईत आपण हो म्हणतो. मग पुढच्या वेळी ती जिथे होती तिथून सुरू होते. एरवी ही सोय छान आहे. पण एका आवृत्तीत अशी साठवलेली स्थिती दुसऱ्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. म्हणून आत जा, स्टार्टमधून शट डाउन करा, आणि मगच नवीन काही बसवा.

दुसरं काम, व्हीएमचं सगळं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते सहसा तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स या नावाने असतं. त्यात एक मोठी फाइल दिसेल, वीस, चाळीस, साठ जीबीची. आतल्या कॉम्प्युटरची संपूर्ण हार्ड डिस्क म्हणजे ही एक फाइल. ती गेली तर आतलं सगळं गेलं. कॉपीला वेळ लागतो. लागू द्या. कॉपी झाली की ती हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा.

इथे एक चूक पुष्कळ जण करतात. ते म्हणतात, मी स्नॅपशॉट घेतला आहे, मला बॅकअपची गरज नाही. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्कची फाइल तशीच राहते आणि नंतरचे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. ती दुसरी फाइल पहिलीच्या आधाराने उभी असते. पहिली बिघडली तर सगळे स्नॅपशॉट एकदम निकामी होतात. शिवाय दोन्ही एकाच डिस्कवर असतात. डिस्क गेली की दोन्ही गेल्या.

तिसरं काम, बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची, किल्ली शोधून ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे. व्हीएम चालण्यासाठी प्रोसेसरमधली एक सोय चालू असावी लागते. काही कॉम्प्युटरमध्ये ती बंद असते आणि बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. बायोसमध्ये काही बदललं की कधी कधी विंडोजला शंका येते. मग ते निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप आपल्या नकळत लागलेलं असू शकतं. ती किल्ली नसेल तर स्वतःच्याच फाइली बंद होऊन बसतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून ती मिळते का पाहा. कागदावर उतरवा. आकडे दोनदा ताडून घ्या.

चौथं काम, आत्ता चालत असलेल्या सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती लिहून ठेवा आणि तिची इन्स्टॉल करायची फाइलही जपून ठेवा. परत यायची वाट अशीच राहते.

पाचवं काम, बीटा फक्त बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. टेलिग्रामवरच्या ग्रुपमधून नको. व्हिडिओखालच्या लिंकवरून नको. मित्राच्या पेन ड्राइव्हवरूनही नको. हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या गाभ्यात बसतं, हे वर सांगितलंच आहे. तिथे कुणी भेसळ केलेली फाइल गेली तर तिला अडवणारं फारसं काही उरत नाही.

सहावं काम, बीटासोबत आलेली माहितीची पानं वाचा. त्यात माहीत असलेल्या अडचणींची यादी असते. तुमच्याकडे जे बाहेर आणि आत चालतं, त्याचं नाव त्या यादीत आहे का तेवढं बघा. असेल तर पुढची बीटा येईपर्यंत थांबा.

सातवं काम, मुदत पाहा. काही बीटा ठरावीक तारखेनंतर चालत नाहीत. विंडोजच्या चाचणी आवृत्त्यांनाही अशी मुदत असते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

मुदतीची गंमत समजू नका. १२ ऑगस्ट २००८ ला मोठमोठ्या कंपन्यांनाही तिचा फटका बसला. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये बीटासाठी घातलेली मुदतीची तारीख पक्क्या आवृत्तीतून काढायची राहून गेली होती. ती तारीख उजाडली आणि बंद असलेल्या व्हीएम सुरूच होईनात. ज्या चालू होत्या त्या चालत राहिल्या, पण एकदा बंद केली की संपलं. लोकांनी सर्व्हरची घड्याळं मागे लावून दिवस काढला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पॉल मॅरिट्झ यांना जाहीर माफी मागावी लागली.

तिथे तारीख चुकून राहिली होती. बीटामध्ये ती मुद्दाम घातलेली असते. तुमचा हिशोब किंवा अर्धवट राहिलेला अंक अशा व्हीएममध्ये अडकला तर तक्रार करायलाही जागा नाही.

चालवताना पाळायच्या गोष्टी

बीटासाठी नवी व्हीएम बनवा. कामाची जुनी व्हीएम बीटामध्ये उघडू नका.

याचं कारण साधं आहे. नवी आवृत्ती जुनी व्हीएम उघडताना तिच्या सेटिंगची फाइल नव्या पद्धतीने लिहू शकते. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमचं हार्डवेअर अपग्रेड करू का, असा प्रश्न येतो. तुम्ही हो म्हटलं की जुन्या आवृत्तीला ती व्हीएम उघडता येत नाही. पुढे जाणं सोपं, मागे येणं अवघड. जुन्याच व्हीएमवर बीटा तपासायची असेल तर तिची कॉपी करा आणि कॉपी उघडा.

नव्या व्हीएममध्ये उबुंटूसारखं मोफत लिनक्स टाका. ती फाइल पाच-सहा जीबीची असते. मोबाइलच्या डेटावर डाउनलोड करू नका, वायफाय असेल तिथे करा. विंडोज टाकणार असाल तर आतल्या विंडोजला वेगळं लायसन्स लागतं. बाहेरचं त्याला चालत नाही.

शेअर केलेल्या फोल्डरची काळजी घ्या. फाइली इकडून तिकडे नेता याव्यात म्हणून बाहेरचं एखादं फोल्डर आतल्या कॉम्प्युटरला दाखवता येतं. आपण पटकन सगळं डॉक्युमेंट्स फोल्डरच दाखवून मोकळे होतो. काही सॉफ्टवेअर तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपणहून जोडून देतात. मग आत दिसतात त्या फाइली कॉपी नसतात, तुमच्या खऱ्या फाइली असतात. आत डिलीट केली की बाहेर डिलीट होते. आत विंडोज असेल तर ते फोल्डर नेटवर्क ड्राइव्हसारखं दिसतं, आणि तिथून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही.

म्हणून बीटासाठी एक वेगळं रिकामं फोल्डर करा. त्यात दोन-चार बिनकामाच्या फाइली टाका. तेवढंच आत दाखवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये फोल्डर जोडताना ते फक्त वाचण्यापुरतं ठेवायची खूण असते. शक्य तिथे ती खूण करा.

यूएसबीला काय लावता ते पाहा. डिजिटल सहीचं टोकन, जुन्या फॉन्ट सॉफ्टवेअरचं डोंगल, लग्नाच्या फोटोंची एकमेव प्रत असलेला पेन ड्राइव्ह, यातलं काहीही बीटा चालू असताना लावू नका. यूएसबी बाहेरून काढून आत देणं हे या सॉफ्टवेअरचं नाजूक काम आहे. लिहिता लिहिता मध्येच तुटलं तर पेन ड्राइव्हवरचं सगळं वाचता न येण्यासारखं होऊ शकतं. डोंगल बिघडलं तर नव्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे दुकानदारांना सांगायला नको.

बीटाच्या व्हीएममध्ये बँक उघडू नका. आधार, पॅन, पासवर्ड काही टाकू नका. कॉपी-पेस्ट आत-बाहेर जोडलेलं असेल तर बाहेर कॉपी केलेला पासवर्ड आतही पोचतो. हेही लक्षात असू द्या.

आत जुनं एक्सपी असेल तर त्याचं इंटरनेट बंदच ठेवा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्याला नेटवर सोडणं कोणत्याही आवृत्तीत धोक्याचं आहे. छपाईसाठी किंवा जुन्या फाइली उघडण्यासाठी त्याला नेट लागत नाही.

मेमरी जपून वाटा. बाहेर ८ जीबी रॅम असेल तर आत ४ च्या वर देऊ नका. जास्त दिली की दोन्ही कॉम्प्युटर कण्हायला लागतात. डिस्कवरची जागाही अधूनमधून पाहा. आतल्या डिस्कची फाइल वापराबरोबर वाढत जाते. बाहेरची जागा संपली की व्हीएम मध्येच थांबते.

लाईटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय चाचणी करू नका. डिस्कवर लिहिणं चालू असताना लाईट गेली तर आतली अख्खी डिस्क बिघडू शकते. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आहे ना, बघा.

व्हर्च्युअलबॉक्स फारच हळू चालत असेल तर चौकटीच्या खालच्या पट्टीकडे नजर टाका. तिथे छोटं हिरवं कासव दिसलं, तर समजा की विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल सोय आधीच चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यावरून काम करावं लागतं आहे. यात बीटाचा दोष नाही. ते कासव घालवण्यासाठी विंडोजच्या सुरक्षेच्या सोयी बंद करायचे उपाय व्हिडिओत दाखवतात. रोजच्या कॉम्प्युटरवर ते करू नका. थोडं हळू चाललेलं परवडतं.

मराठी माणसाने काय तपासावं

बीटा घेतलीच आहे, तर तिचा उपयोग करा. नुसती उघडून बंद करू नका.

इंग्रजीत सगळं नीट चालतं का, हे पाहणारे जगभर भरपूर आहेत. मराठीत चालतं का, हे पाहणारे थोडे आहेत. ते काम तुमच्याशिवाय कोण करणार?

बाहेरच्या नोटपॅडमध्ये जोडाक्षरांची एक ओळ लिहा. ज्ञानेश्वर, क्षत्रिय, कर्तृत्व, सुऱ्या, असे शब्द घ्या. ती कॉपी करून आत पेस्ट करा. अक्षरं जशीच्या तशी आली का? की प्रश्नचिन्हं आली? मग आतून बाहेर करून पाहा.

एका फाइलला मराठी नाव द्या, लग्नपत्रिका अंतिम असं. ती शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. आत तिचं नाव नीट दिसतं का, ती उघडते का, आत सेव्ह करून बाहेर पाहिल्यावर नाव तेच राहतं का, बघा.

आत मराठी कीबोर्ड लावा. इनस्क्रिप्टने टाइप करा. ऱ्ह आणि ऱ्य नीट उमटतात का पाहा. बाहेर मराठी आणि आत इंग्रजी कीबोर्ड असेल तर काय होतं तेही पाहा. शेवटी आतून एक पान प्रिंट करा.

एवढं केलंत तरी अर्ध्या तासात तुम्ही पुष्कळांच्या उपयोगाचं काम केलेलं असेल.

चूक सापडली तर कळवा

तुम्ही बीटा फुकट वापरता. त्याची परतफेड म्हणजे सापडलेली चूक नीट कळवणं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. मुद्दे मात्र पूर्ण हवेत.

बीटाची नेमकी आवृत्ती लिहा. बाहेर काय आहे आणि आत काय आहे ते लिहा. तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे क्रमाने लिहा. नेहमी होतं की कधीतरी होतं, ते सांगा.

उदाहरणार्थ असं: बाहेर विंडोज ११, आत उबुंटू. बाहेरच्या नोटपॅडमधून देवनागरी ओळ कॉपी केली. आत पेस्ट केल्यावर प्रश्नचिन्हं येतात. इंग्रजी ओळ नीट येते. दर वेळी असंच होतं.

एवढ्यावर बनवणाऱ्याला काम सुरू करता येतं. चालत नाही, बेकार आहे, एवढंच लिहिलं तर कुणालाच काही करता येत नाही.

सोबत लॉगची फाइल मागतात. पाठवण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तिच्यात तुमच्या फोल्डरांची नावं असतात, म्हणजे बहुधा तुमचं नावही असतं. खटकेल ते खोडा. कॉम्प्युटरच्या मेमरीची संपूर्ण प्रत मागितली तर देऊ नका. तिच्यात काय काय साठलं आहे हे तुम्हाला दिसत नाही.

बीटा संपली की

बीटाच्या भरवशावर कुठलाही बेत आखू नका. बीटात दिसलेलं पुढे मिळेलच असं नसतं. २०२२ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स ७.० च्या वेळी ॲपलच्या नव्या चिपच्या मॅकसाठी चाचणीपुरती आवृत्ती निघाली होती. तिच्यावर इंटेलसाठी बनवलेल्या सिस्टिम चालवून पाहता येत होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये ७.१ आली तेव्हा त्या मॅकना पक्का आधार मिळाला, पण तो त्या चिपच्या जातीसाठी, म्हणजे आर्मसाठी, बनवलेल्या सिस्टिमांपुरता. तेव्हा बीटामध्ये काही चालतं म्हणून त्याच्यासाठी नवा कॉम्प्युटर घेऊ नका आणि जुना विकूही नका.

पक्की आवृत्ती आली की बीटा काढून टाका. बीटा तशीच ठेवली तर तिला नंतर सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. आधी व्हीएम पूर्ण बंद करा. मग बीटा अनइन्स्टॉल करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मग पक्की बसवा. आतल्या कॉम्प्युटरमध्ये माऊस आणि स्क्रीन नीट चालावेत म्हणून गेस्ट ॲडिशन्स किंवा टूल्स नावाचं जे बसवलेलं असतं, तेही नव्या आवृत्तीचं करून घ्या. व्हर्च्युअलबॉक्सचं एक्स्टेन्शन पॅक वापरत असाल तर तेही त्याच आवृत्तीचं हवं.

सगळं सुरळीत चालतं आहे अशी खात्री झाल्यावरही बाहेरच्या डिस्कवरची जुनी कॉपी लगेच पुसू नका. महिनाभर राहू द्या. जागा मिळते, गेलेलं काम मिळत नाही.

आणि घरातल्या मुलांनी बीटा बसवायचा हट्ट धरला तर त्यांना रागावू नका. त्यांच्याजवळ बसा. जुना कॉम्प्युटर त्यांना काढून द्या. बॅकअप कसा घ्यायचा ते त्यांच्याच हाताने करवून घ्या. चूक सापडली तर ती कशी लिहायची ते दाखवा. यातून ते जे शिकतील ते पुढे कामाला येईल.

तुम्हाला एवढीच विनंती आहे. आज संध्याकाळी बीटा डाउनलोड करायला बसाल, तेव्हा आधी बाहेरची हार्ड डिस्क जोडा आणि व्हीएमची कॉपी करा. ती पूर्ण झाल्याशिवाय इन्स्टॉलच्या बटणाला हात लावू नका.